बारा तारखेचा फोन

"चाचा, एकट्या इक्बाल चाचांची नाही, सगळ्यांच्याच तारखा एक दिवस मागे गेल्यात," शाहीद म्हणाला.

अझहरनी घसा साफ केला. बोलण्याआधीची ही त्यांची जुनी सवय. बरेचदा त्यापुढे ते काही बोलतही नसत.

शाहीद कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत संगणकाचं काम बघायचा. पनवेलच्या जमातीतल्या मयतांची जुनी नोंदवही त्यानंच हौसेनं संगणकावर चढवली होती. आता कोणालाही ती मोबाइलवर पाहता येत होती. काल अल्फियानं पाहिली. वडिलांच्या नावापुढे अकरा तारीख होती.

घरात सगळे बारा धरत. बाराला अल्फियाचा वाढदिवस. ती सहा वर्षांची झाली त्या रात्री मस्कतहून अब्बांचा फोन आला, शाळेत नीट जा म्हणाले, आणि सकाळी ते रात्रीच गेल्याचा निरोप आला. इक्बालच्या खोलीतच राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावानं, अझहरनी, तो दिला होता. वडिलांची तेवढी एकच आठवण अल्फियाजवळ होती.

"मग माझ्याशी अब्बा बोलले ते खरंच घडलं, की मला नुसतं वाटतंय?" तिनं काल विचारलं होतं. रात्री ती जेवली नाही. म्हणून आज तिची आई, झुबेदाभाभी, दिराला घेऊन जमातीच्या कचेरीत आल्या होत्या.

शाहीदनं समजावून सांगितलं. संगणक तारीख साठवताना वेळही साठवतो, तीही जगाच्या घड्याळाप्रमाणे. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा त्या घड्याळात आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. दाखवताना ती परत आपल्या वेळेवर आणायची राहून गेली होती.

"माझे दादा ऐन ईदला गेले," तो आजोबांची नोंद दाखवत म्हणाला. "इथे बघा, आदला दिवस. त्यांना ईदचा शीरखुर्माही खाऊ दिला नाही मी."

भाभी हसल्या. अझहरच्या छातीवरचं ओझं उतरलं. कालपासून त्यांनी चहा घेतला नव्हता, तो आता मागवला.

शाहीदनं दुरुस्ती केली. दादांच्या नावापुढे ईदचा दिवस आला. सगळ्या तारखा पुढे सरकल्या. इक्बालची मात्र अकराच राहिली.

शाहीदनं ती नोंद उघडली. "ही अवतरणचिन्हात आहे. म्हणजे तारीख म्हणून नाही, नुसती अक्षरं म्हणून भरली गेलीय. अशी नोंद घड्याळाबरोबर सरकत नाही." त्यानं पुन्हा आकडा पाहिला. "म्हणजे हिची तारीख मागे गेलेलीच नाही. वहीतच अकरा असणार. मस्कतच्या कागदावरून उतरवलेली."

अझहरचा चहा तसाच राहिला.

"उतरवणाऱ्यानं चूक केली असेल," भाभी शांतपणे म्हणाल्या. "बाराला ते पोरीशी बोललेत. बारा कर बेटा."

शाहीदनं अझहरकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. शाहीदनं एक आकडा बदलला.

भाभी आणि अझहर बाहेर आले. बाजार उठत होता, कोळणी रिकाम्या पाट्या धूत होत्या. अझहरना खूप दिवसांनी मोकळं वाटत होतं. इतक्यात अल्फियाचा फोन आला. चाचा समोर असताना फारसं न बोलणारी ही मुलगी फोनवर मात्र त्यांना सोडायची नाही.

त्यांनी घसा साफ केला. "बाराच आहे बेटा. संगणकाची चूक होती. तुला आठवतंय ते खरं आहे."

पलीकडे ती रडली, मग हसली, मग रात्री बिर्याणी करते म्हणाली. अझहरनी फोन खिशात ठेवला आणि डोळे पुसले.

भाभी पदर सावरत दोन पावलं पुढे गेल्या आणि त्यांच्यासाठी थांबल्या.

"बरं केलंत, अझहरभाई," त्या म्हणाल्या. "त्या रात्रीही फोनवर पोरीशी बोलण्याआधी तुम्ही असाच घसा साफ केला होतात."