शेजारच्या मावशी

"आई, बाबांना असं अंथरुणावर टाकून तू येऊ नकोस गं. इथे शेजारच्या मावशी आहेत ना, अगदी तुझ्यासारख्या," वृंदा फोनवर म्हणाली.

शेजारी मावशी कुठल्या! शेजारच्या घराला कुलूप होतं. नवऱ्याची बदली ओडिशात झाली, आठव्या महिन्यात बिऱ्हाड हललं, आणि नववा लागल्यावर डॉक्टर प्रवासाचं नाव काढू देत नव्हते. तो कामावर गेला की घरात ती, तिचं पोट आणि न उघडलेली खोकी.

"दे बरं त्यांना फोन."

तेवढ्यात दूधवाली आली. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. वृंदाने फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडून आईचं सुरू झालं, शेक, मालिश, डिंकाचे लाडू. "पहिलटकरीण आहे हो. वरून हसते, पण फार घाबरट आहे." दूधवाली बावचळून ऐकत राहिली आणि एक शब्द न बोलता कॅन उचलून निघून गेली.

वृंदाने फोन कानाला लावला.

"बोलले गं त्यांच्याशी," आई म्हणाली. "म्हणाल्या, काळजी करू नका, माझीच लेक समजेन."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" वृंदा म्हणाली.