साठ शर्टांची बटणं

वसाहतीच्या सभेला सगळे एका हातानं शर्टाच्या कडा गच्च धरून बसले होते. चेहरा गंभीर ठेवायचा आणि पोटही झाकायचं, अशी पंचाईत. धुलाईघरात वाळत घातलेल्या साठच्या साठ शर्टांची बटणं कुणीतरी कापून नेली होती. बटणं टक लावून बघतात, हे शेवटच्या बाकावरच्या मुलीच्या आईचं जुनंच पालुपद. मग विचारायचं काय राहिलं? आई तिथेच तिच्या खांद्याला टेकून मान डोलवत होती.

वसाहतीत सगळं सामायिक. एक चूल, एक कपाट. पोरंही सगळ्यांची, बालघरात ओळीनं झोपायची, प्रत्येक बाईला मावशी म्हणायची. पाच वर्षांची असताना ती एकदा ‘ही माझी आई’ म्हणाली. तिला जेवणघरात खुर्चीवर उभं करून दहादा वदवून घेतलं, ‘माझं काही नाही.’ वर टाळ्या. पुढे आई भिंतीशी बोलू लागली, आठ-आठ दिवस अंथरूण सोडेना. तेव्हा तिला चार घास भरवायची पाळी कुणी फळ्यावर लावली नाही. हसण्याला साठ वाटेकरी, दुखण्याला कुणी नाही घरी.

एकोणिसाव्या वर्षी तिनं शहरात शिवणाचं काम आणि खोली शोधली. आईला न्यायची परवानगी दोनदा मागितली. दोनदा नकार. सामायिक माणूस बाहेर देता येत नाही.

आज आईला वसाहतीबाहेर काढायचा ठराव एकमतानं झाला. टाळ्या मात्र कुणाला वाजवता आल्या नाहीत.

“हे बघ बाळ,” प्रमुख म्हणाले, “शेवटी ती तुझी आई. वसाहतीनं किती सोसायचं? घेऊन जा.”

“माझी ना? मग लिहून द्या.”

चिटणिसांनी लिहायला दोन्ही हात मोकळे केले आणि शर्ट बेंबीपर्यंत उघडला.

फाटकावर रखवालदारानं नियमाप्रमाणे विचारलं, “सामायिक काही नेत नाहीस ना?”

तिनं चिठ्ठी दाखवली. “ही माझी आई.”

वळणापलीकडे ओढा होता. तिथे थांबून तिनं आपल्या झग्याचे दोन्ही जड खिसे पाण्यात उलटे केले. बटणं खळखळत गेली.

“झालं, आई,” ती म्हणाली, “आता कुणी बघत नाही.”