बादलीतलं पिस्तूल

कंपनीच्या माणसाने पिस्तूल चिखलाच्या बादलीतून काढलं, त्यावरून जीप नेली, उचलून झटकलं आणि पंधरा गोळ्या धडाधड झाडल्या. फायरिंग रेंजवर टाळ्या पडल्या. साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. जिल्हा पोलिसांची शस्त्रं तपासून घेणारी हवालदार मी; माझ्या सहीशिवाय नव्या पेट्या शस्त्रागारात जात नाहीत.

मी पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही. "साहेब, हे पिस्तूल यांनी स्वतः निवडून आणलंय. पेट्यांमध्ये दोनशे आहेत. त्यातली कुठलीही दहा मी काढते. चिखल नको, जीप नको. प्रत्येकातून पाचशे गोळ्या झाडू, मग सही."

"ढोबळेबाई, एवढं डोळ्यांनी बघूनही शंका?" साहेब तडकले. "बदली हवीय का?"

"करा बदली. आपल्या शिपाई खिल्लारेचं पिस्तूल नाकाबंदीत ऐन वेळी अडकलं आणि तो जिवानिशी गेला. त्या पिस्तुलांवरही असाच तमाशा बघून मी सही केली होती. अजून त्याच्या बायकोसमोर उभं राहवत नाही मला."

मी एका पेटीचं सील फोडलं, आतलं कोरं करकरीत पिस्तूल काढलं आणि चिखलाने माखलेल्या पिस्तुलाशेजारी टेबलावर ठेवलं.

"उद्याच्या छाप्यात तुम्ही पुढे असणार, साहेब. यातलं एक कमरेला लावा."

साहेबांचा हात सरळ चिखलातल्याकडे गेला.

"ते एकच आहे, साहेब," मी म्हणाले. "बाकीच्या पोरांनी काय लावायचं?"