तिसरीचं मत

शनिवारी दुपारी बंदरावरच्या हॉलमध्ये वादसभा भरली, तेव्हा एल्स्पेट मेअर डावीकडे बसली आणि मीना फ्लेट उजवीकडे. गुरुवारी मतदान होतं. स्कॉटलंडनं वेगळं होऊन आपला स्वतंत्र देश करावा की नाही, एवढाच प्रश्न. पण त्यावरून अख्खं बकी गाव मधोमध फाटलं होतं. एल्स्पेटच्या कोटावर 'हो'चा बिल्ला होता. मीनाच्या घराच्या खिडकीत 'नको, धन्यवाद'चा कागद होता. जुलैमध्ये बेकरीच्या रांगेत एल्स्पेट तिला सगळ्यांदेखत भित्री म्हणाली होती, आणि मीना पाव न घेताच घरी निघून गेली होती. तेव्हापासून दोघींनी तोंडं फिरवली होती. दोघींनाही सत्त्याहत्तरावं लागलेलं.

सभा तासभर तेलावरून आणि पेन्शनवरून चालली. गेडिस मास्तर अध्यक्ष होते. कुणी फार वेळ बोललं की घंटी वाजवत. मग एडिंबराहून आलेला 'हो'वाल्यांचा तरुण वक्ता उठला. त्यानं याच गावच्या पोरींची गोष्ट काढली. दर शरदात त्यांना इंग्लंडात, पार यार्मथच्या बंदरावर हेरिंग मासे चिरायला धाडत. कोवळ्या मुली, सोलवटलेले हात, परक्यांची चाकरी. आणखी किती वर्षं हे चालवून घ्यायचं, असं त्यानं विचारलं.

एल्स्पेट उभी राहिली.

"आम्हाला कुणी धाडलं नव्हतं," ती म्हणाली. "आम्ही गेलो. सोळाव्या वर्षी. आमच्यासाठी वेगळी गाडी सुटायची आणि इथून तिथवर आम्ही गाणी म्हणत जायचो. मला जायला मिळालं आणि बहिणीला नाही, तर ती आठवडाभर रडत होती."

उजवीकडचे 'नको'वाले हसले. त्यांच्या बाजूनं बोलायला आलेल्या बाईंनी लगेच संधी साधली. बघा, म्हणाल्या, आपल्या मुलींना तिकडे घरच्यासारखं वागवत. एकच तर देश आपला.

आता मीना उठली. ती कधी चारचौघांत बोलत नसे, त्यामुळे मास्तरांनी घंटी खालीच ठेवली.

"घरच्यासारखं कुठलं," मीना म्हणाली. "आम्ही राहायला जायच्या आदल्या दिवशी घरमालकीण सगळे गालिचे गुंडाळून माळ्यावर टाकायची. भिंतींना कागद चिकटवायची. आमच्या अंगाला माशांचा वास यायचा ना. लार्टरबाई नाव तिचं."

"लार्टर नव्हे," एल्स्पेट पलीकडून म्हणाली. "कागद चिकटवायची ती थर्टल."

"थर्टल दुसऱ्या वर्षीची."

"पहिल्या वर्षीची. तुझं बोट कापलं त्या वर्षीची."

दोन महिन्यांनी दोघींनी एकमेकींशी तोंड उघडलं ते असं, दीडशे माणसांच्या डोक्यावरून. मग कुणाला थांबवता येईना. बोटांना बांधायच्या चिंध्या निघाल्या, चिरांत भरणारं मीठ निघालं. शनिवारी संध्याकाळी कोपरात कोपर अडकवून यार्मथच्या रस्त्यानं मोजे विणत विणत चालायचं, ते निघालं. विणता विणता चालताना पोरांकडे मागे वळून कोण पाहायची आणि कोण नाही, यावरही दोघींचं जुळेना. मंचावरचे दोघे वक्ते हातातले कागद धरून तसेच उभे होते.

शेवटी एल्स्पेट म्हणाली, "क्रिस्सीलाच विचारू."

क्रिस्सी त्यांच्यातली तिसरी. तिघी मिळून एक टोळी असे. या दोघी मासे चिरत आणि क्रिस्सी ते मीठ घालून पिंपात रचत असे. पाचव्या हंगामात तिनं यार्मथच्याच एका पिंपं बांधणाऱ्याशी लग्न केलं आणि तिकडेच राहिली.

सभा संपायची वाट न बघता दोघी बाहेर पडल्या. मीनाचं घर जवळ. वाटेत बंदर लागलं. एकेकाळी होड्या इतक्या दाटीनं लागत की एकीवरून दुसरीवर पाय टाकत पलीकडच्या धक्क्यावर जाता यायचं. आता हौशी लोकांच्या दहाबारा पांढऱ्या होड्या हलत होत्या. दारात एल्स्पेटनं खिडकीतल्या कागदाकडे पाहिलंच नाही आणि मीनानं आधी चहाचं पाणी ठेवलं.

फोन दोघींनी एकच धरला, कानाला कान लावून.

क्रिस्सीचा आवाज बारीक झाला होता, पण बोलण्यात अजून बकीचाच हेल. थर्टल की लार्टर ते ऐकून ती खूप हसली. "अगं, सख्ख्या बहिणी त्या," म्हणाली. "दोघीही गालिचे काढायच्या."

मग ती मतदानाचं विचारू लागली. इंग्लंडात राहणाऱ्यांना मत नव्हतं, त्यामुळे तिनं काहीच बघितलं नव्हतं. चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलेलं असणार? एल्स्पेटनं पर्समधलं पत्रक काढून प्रश्न वाचला. स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का? एक ओळ फक्त. क्रिस्सीनं तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

"इथं मला अजून 'ती स्कॉच बाई' म्हणतात," ती म्हणाली. "छप्पन्न वर्षं झाली. आणि गुरुवारी तुम्ही वेगळ्या झालात, तर मी कुठली गं?"

मीनानं रिसीव्हर एल्स्पेटच्या हातात दिला. एल्स्पेटनं तो तसाच परत मीनाच्या हातात ठेवला.

"आहात ना गं दोघी?" क्रिस्सी पलीकडून विचारत होती.

"आहोत," दोघी म्हणाल्या.