अडलेली वाळू

धाकटीच्या घराची मागची खोली समुद्राने नेली, हे कळताच ताई मिळेल ती गाडी पकडून आली. ताई बंदरं बांधणारी इंजिनिअर. ती आल्याचं ऐकून शेजारपाजारचे अंगणात जमले.

त्यांनी ट्रकवाल्यालाही बोलावून घेतलं होतं. किनाऱ्यावरची वाळू यानेच चोरून विकली, असं सगळे म्हणत. त्यापायी त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मी तिथे फावडंसुद्धा लावलेलं नाही, हे सांगून सांगून तो आता गप्पच बसायला शिकला होता.

"माझी ताई सांगेल काय ते," धाकटी म्हणाली. ताईचा शब्द म्हणजे तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

ताई किनाऱ्यावर जाऊन आली, आणि एवढी वाळू ट्रकने नेता येत नाही, म्हणाली. लाटा तिरक्या येतात, त्या वाळूला किनाऱ्याच्या कडेने पुढे ढकलतात. इथली वाळू पूर्वीपासून पुढे जातच होती. पण मागून तेवढीच येत होती, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. आता मागून येणं थांबलंय.

ट्रकवाल्याने मान वर केली.

का थांबलं, कुणीतरी विचारलं. समुद्रात आडवा बांध घातला की वाळू त्याच्या मागेच अडते, ताई म्हणाली. तिचा आवाज उतरला होता.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. सुट्टीत ती मुलांना घेऊन ताईकडे, याच किनाऱ्यावरच्या मागच्या बंदरावर, राहायला गेली होती. तिथला किनारा केवढा रुंद झाला होता. मुलांनी दिवसभर वाळूत धुडगूस घातला होता. समोरचा लांबलचक दगडी बांध ताईने कौतुकाने दाखवला होता, हा मी बांधला म्हणून.

"तुला माहीत होतं?" धाकटीने हळूच विचारलं.

ताईला खोटं बोलता आलं नाही. "पुढची वाळू जाणार, हे माहीत होतं. समुद्र तुझ्या घरापर्यंत येईल असं नव्हतं वाटलं."

मग कोपऱ्यातल्या म्हातारीने, जिचं घर सगळ्यात आधी गेलं होतं, विचारलं, "आणि आमच्या?"

धाकटी ताईच्या शेजारून उठली आणि म्हातारीजवळ जाऊन बसली.