विनताचा आळस

"ऊठ विनू. चॅम्पियन लोक असे लोळत नाही राहत," म्हणत पुंडलिक मेश्रामांनी पहाटे साडेचारला लेकीच्या अंगावरची चादर ओढली. चॅम्पियन लोक काय करतात याची त्यांना फार बारीक माहिती होती. ते तोफांच्या कारखान्यात फिटर होते.

सोळा वर्षांची विनता डोळे मिटूनच बूट चढवायची. कांचघर वस्तीतल्या मैदानाला दोन फेऱ्या म्हणजे आठशे मीटर. बाबा स्टॉपवॉच दाबायचे. दोन मिनिटं अडतीस सेकंद, रोजचेच. मग उपदेश सुरू व्हायचा. तो काही अडीच मिनिटांत आटपत नसे. रात्री बारापर्यंत पोरीचा डोळा लागत नाही, हा दोष टीव्हीचा होता. टीव्ही महिनाभर बिघडून पडला होता, तरी दोष त्याचाच होता.

शाळेच्या खेळशिक्षिका लतिका दीदी एकदा भीतभीत म्हणाल्या, "मेश्रामजी, हिला संध्याकाळी पळवून बघा. या वयात काही पोरांचं अंगच उशिरा जागं होतं. शरीरातही एक घड्याळ असतं."

"अच्छा," बाबा म्हणाले. "मग त्याले चावी द्या ना थोडी."

मैदानावरचे सगळे हसले. विनताही हसली. आपण आळशी आहोत, हे तिने एव्हाना मनापासून कबूल केलं होतं.

जिल्ह्याची निवड चाचणी सकाळी सातला होती. उद्घाटनाला मंत्री येणार होते, म्हणून पोरं सहापासून रांगेत उभी. मंत्री आले संध्याकाळी पाचला. त्यांच्या आळसाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. उलट हार घातले.

साडेपाचला शिट्टी झाली. पहिल्या फेरीतच विनताला काहीतरी वेगळं वाटलं. पाय तिचेच होते, पण आज ते ओढावे लागत नव्हते. शेवटच्या वळणावर पुढे कुणीच दिसेना, तेव्हा आपण वाट तर चुकलो नाही ना, अशीही शंका तिला आली.

दोन मिनिटं सव्वीस सेकंद. पहिला नंबर.

बाबांनी स्टॉपवॉच हलवून पाहिलं. कानाला लावलं. मग अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी जाऊन त्यांच्या घड्याळाबद्दलही चौकशी करून आले. सगळ्या घड्याळांनी एकच कट केला होता. परत येऊन ते पायरीवर बसले. विनता समोर उभी राहिली. उपदेश ऐकायची तिला सवय होती.



"मी बी पळत होतो," ते एकदम म्हणाले. "आठशेच. गोंदियाले. संध्याकाळी मैदानात माह्यापुढे कोणी टिकत नव्हतं."

तिला हे ठाऊकच नव्हतं. घरात हे कधी कुणी बोललं नव्हतं.

"मग सोडलं काहून?"

"ट्रायलमध्ये शेवटचा आलो. मास्तर म्हणाले, पोरगा आळशी आहे, ऐन वेळी जीव लावत नाही. मलेही पटलं. तीस वर्षं तेच धरून राहिलो."

विनता त्यांच्या शेजारी बसली. जरा थांबून तिने विचारलं, "ट्रायल किती वाजता होती, बाबा?"

बाबा हातातल्या स्टॉपवॉचकडे बघत राहिले.

"सकाळी सहाले."