खांद्याच्या वर

“उचला बघू दोन्ही हात, मिस्टर बँक्स,” केल्सी म्हणाली.

एल्रॉयने उचलले. डावा थेट छताकडे गेला. उजवा खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला.

“मस्त!” व्यायाम करून घेणारी ती गोरी पोर मनापासून खूश झाली. “आता जेवता येईल, दाढी करता येईल, बससुद्धा चालवता येईल. विमा कंपनीच्या लेखी तुम्ही बरे झालात. आज उपचारांचा शेवटचा दिवस.”

खुर्चीत बसलेल्या वर्नेटाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या नवऱ्याचा, एल्रॉयचा, अख्खा जन्म अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये शाळेची बस चालवण्यात गेला होता. मार्चमध्ये पोलिसांनी त्याला घराजवळच गाडीतून ओढून काढलं आणि हात असा पिरगाळला की खांदा निखळला. त्यांना हवा होता दुसराच कुणी. तोही काळा, एवढंच काय ते साम्य. मग रीतसर चौकशी झाली आणि सगळं नियमात बसलं.

शेजारच्या व्यायामाच्या टेबलावर हेलर नावाचे गोरे गृहस्थ होते. बोटीवरून पडून त्यांचाही खांदा गेला होता, आणि एल्रॉयची हकीकत त्यांच्या कानावर आली होती.

“तुम्ही पोलिसांशी हुज्जत घातली असणार हो,” ते एल्रॉयला म्हणाले. “मला एकदा दारू पिऊन गाडी चालवताना धरलं. मी चांगल्या शिव्या हासडल्या, तरी बिचाऱ्यांनी घरापर्यंत आणून सोडलं. भली माणसं आहेत.”

“असतीलच,” वर्नेटा म्हणाली. “तुमच्याशी.”

मग ती केल्सीकडे वळली. “पोरी, अजून थोडे दिवस दे त्याला. हात पूर्ण वर गेला पाहिजे.”

“पण कशासाठी? फळीवरचा डबा तुम्ही काढून द्या की.”

“डब्याचं सोड गं. उद्या परत गाडी अडवली, हात वर कर म्हणाले आणि याचा एकच वर गेला, तर? दुसऱ्या हाताला काय झालंय म्हणून विचारपूस करत बसणारेत का ते? गोळी घालून मोकळे होतील.”

केल्सीचा चेहरा उतरला. “सांगायचं ना त्यांना,” ती चाचरत म्हणाली. “खांदा दुखावलाय, वर जात नाही म्हणून.”

इतक्या दिवसांत एल्रॉय पहिल्यांदाच हसला. ते हसणं वर्नेटाला ऐकवेना.

“मागच्या वेळी दोन्ही वर होते, पोरी,” तो पुन्हा दोन्ही हात उचलत म्हणाला. उजवा पुन्हा खांद्यापाशीच अडला.

हेलर आपला टॉवेल शोधू लागले. एल्रॉय हात खाली घेऊ लागला, तशी वर्नेटा उठली आणि तिने त्याच्या उजव्या कोपराखाली आपला तळवा लावला.

“तरी वर कर,” ती म्हणाली.